मोतीबिंदू निघाला, पण जवळचं का दिसेना?

प्रश्न: आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. आईच्या (वय ६८, मधुमेह आहे) उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. लांबचं एकदम छान दिसतं, पण विडी वळताना पान आणि दोरा दिसत नाही. पांढरं सगळं निळसर वाटतं. पेल्यात पाणी ओतताना बाहेर सांडतं. शेजारच्या बायका म्हणतात, ऑपरेशन बिघडलं. डाव्या डोळ्याचं कधी करावं? वडिलांनाही (७४) मोतीबिंदू सांगितलाय. ते लघवीच्या त्रासाची गोळी घेतात आणि पेपर कायम चष्मा काढूनच वाचतात. त्यांच्या बाबतीत काय सांभाळायचं?

उत्तर: डोळा लाल नसेल, ठणकत नसेल आणि नजर दिवसागणिक कमी होत नसेल, तर आईचं ऑपरेशन बिघडलेलं नाही. तिन्ही तक्रारींना सरळ कारणं आहेत. पहिली तक्रार तर ऑपरेशनची नाहीच, आधी राहून गेलेल्या एका बोलण्याची आहे. भिंग कोणत्या अंतरासाठी बसवायचं, हे ते बोलणं. आईच्या उजव्या डोळ्यापुरती ती वेळ गेली. डाव्या डोळ्याची आणि वडिलांची अजून हातात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डोळ्यातलं मूळचं भिंग तरुणपणी लवचीक असतं. जवळ पाहताना फुगतं, लांब पाहताना सपाट होतं. चाळिशीनंतर ते ताठ होत जातं आणि नाकावर चाळिशी येते. ऑपरेशनमध्ये जे बसवतात ते साधं भिंग अॅक्रिलिकचं असतं, मधला पारदर्शक भाग ६ मिलिमीटर, दोन बाजूंचे पाय धरून टोकापासून टोकापर्यंत सुमारे १३ मिलिमीटर. ते फुगत नाही. त्याला एकच अंतर स्पष्ट दिसतं, बाकीच्यासाठी चष्मा. हिशेब सोपा आहे: १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागा, लागणारा नंबर मिळतो. पेपर ४० सेंटिमीटरवर धरला तर २.५. विडी वळताना सूप मांडीवर असतं, मान खाली असते, पान डोळ्यापासून जेमतेम ३३ सेंटिमीटरवर येतं, म्हणजे ३. आईचं भिंग लांबच्यासाठी बसवलंय, त्यामुळे विडीसाठी तिला +३ चा चष्मा लागणार. हा दोष नाही, भिंगाचा स्वभाव आहे.

पण आई म्हणत असेल, "ऑपरेशनच्या आधी तर मला चष्म्याशिवाय दोरा दिसत होता." तेही खरं असणार. मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात पिकत जातो तेव्हा भिंग घट्ट होतं आणि डोळ्याला उणे नंबर चढत जातो. लांबचं पुसट होतं, पण जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. घरचे कौतुकाने सांगतात, आजीची नजर परत आली, सुईत दोरा ओवते. ती नजर मोतीबिंदूनेच दिलेली उसनवारी असते. मोतीबिंदू निघाला की तीही जाते. हे कुणी आधी सांगितलं नाही की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता डावा डोळा. भिंगाचा नंबर काढण्याच्या तपासणीला बायोमेट्री म्हणतात. त्यात बुबुळाचा गोलवा आणि डोळ्याची समोरून मागेपर्यंतची लांबी मोजतात. सर्वसाधारण डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असतो. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने चुकतो. ऑपरेशन कितीही सफाईने झालं तरी तो फरक भरून निघत नाही. म्हणून त्या दिवशी घाई करू नका. डोळ्यात औषध घालून पेनासारखा प्रोब बुबुळाला टेकवून मोजत असतील, तर तो जोरात दाबला गेल्याने डोळा चपटा होऊन लांबी कमी येते. आईला सांगा, श्वास रोखू नको, मागे सरकू नको, नजर समोर ठेव. आकडे दोन-तीन वेळा घेतले आणि ते एकमेकांशी जुळले तरच ते खरे. दोन्ही डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजायला सांगायला लाजू नका. उजव्या डोळ्याचा अनुभव इथे कामाला येतो: त्याला ठरवलेला नंबर मिळाला की थोडा चुकला, हे पाहून डाव्याचं भिंग नीट निवडता येतं. त्यासाठी उजव्या डोळ्यात बसवलेल्या भिंगाचं कार्ड घेऊन जा. त्यावर भिंगाचं नाव, नंबर आणि अनुक्रमांक असलेलं स्टिकर असतं. बरीच घरं ते डिस्चार्जच्या कागदांत गुंडाळून माळ्यावर टाकतात. ते आधार कार्डाशेजारी ठेवा.

डावा डोळाही लांबच्यासाठीच करायचा का? एक पर्याय असा की डाव्या डोळ्यात −१.२५ ते −१.५० नंबर मुद्दाम ठेवायचा. मग त्या डोळ्याला ७०-८० सेंटिमीटरवरचं, म्हणजे ताटातलं, चुलीवरचं, हात लांब करून धरलेल्या मोबाइलवरचं चष्म्याशिवाय बरं दिसतं. विडीला मात्र चष्मा लागेलच. फरक याहून जास्त ठेवला तर पायऱ्या-उंबऱ्याचा अंदाज बिघडतो. आईच्या वयाला, मधुमेह असताना, बांधावरून आणि अंगणातून चालायचं असताना मला दोन्ही डोळे जवळपास सारखे आणि कामापुरता वेगळा चष्मा हेच जास्त सुरक्षित वाटतं. तरी निवड तिची आहे. तपासणीच्या फ्रेममध्ये काचा घालून तो फरक आधी दाखवता येतो, तसं मागा.

"मल्टिफोकल घाला, चष्माच नको" असंही कुणी सांगेल. त्या भिंगात आत येणारा उजेड जवळ-लांब असा वाटला जातो. त्यामुळे रात्री दिव्याभोवती कडी दिसतात आणि मंद उजेडात फिकट-गडदातला फरक कमी कळतो. मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (दृष्टिपटलावर) परिणाम झालेला असेल, तर ते टाळलेलं बरं. टॉरिक भिंग वेगळं. बुबुळाला साधारण एक-सव्वाच्या वर तिरपा नंबर असेल तर ते उपयोगी. पण ते ठरलेल्या कोनातच बसावं लागतं. एक अंश फिरलं तर सुमारे तीन टक्के फायदा जातो आणि तीस अंश फिरलं तर सगळाच. किमतीचा आकडा आणि लांबच्या नजरेची स्पष्टता यांचा थेट संबंध नाही. चांगलं मोजलेलं साधं भिंग वाईट मोजलेल्या महागड्या भिंगाला कधीही भारी.

निळसर दिसण्याबद्दल. वयानुसार भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि निळा उजेड अडवतं. हे इतकं सावकाश घडतं की मेंदू त्यालाच पांढरं मानून चालतो. ते पिवळं भिंग निघालं की अडलेला निळा उजेड एकदम आत येतो. पातळ निळीत जरा जास्त बुडवल्यासारखं दिसतं ते यामुळे. आईला दुधाचा पेला समोर ठेवून आधी डावा डोळा, मग उजवा डोळा झाकायला सांगा. उजव्याने दूध दुधासारखं दिसेल, डाव्याने तेच तुपाच्या रंगाचं. दोन-चार आठवड्यांत मेंदू जुळवून घेतो आणि निळसरपणा जाणवेनासा होतो. बाहेरच्या उजेडात डोळे दिपतात ते सुद्धा याच कारणाने. काळा चष्मा बाहेर पडताना लावावा, घरात बसून लावायची गरज नाही.

पाणी सांडतं ते दोन डोळ्यांचं गणित जुळत नाही म्हणून. खोलीचा अंदाज दोन्ही डोळ्यांतल्या चित्रांच्या तुलनेतून येतो. आत्ता उजव्यात लख्ख आणि लांबचं, डाव्यात धूसर आणि बहुधा उणे नंबरचं चित्र आहे. शिवाय मंद चित्र मेंदूला किंचित उशिरा पोहोचतं, त्यामुळे आडव्या जाणाऱ्या गाडीचं अंतरही फसवं वाटू शकतं. रस्ता ओलांडताना या दिवसांत तिच्यासोबत कुणी असावं. ओतताना पेला तांब्याच्या तोंडाला टेकवूनच ओतायचं. पायरी उतरताना कठडा धरायचा. जुना दोन भागांचा चष्मा तर या काळात काढूनच ठेवा. खाली पाहिलं की नजर त्याच्या जवळच्या भागातून जाते आणि उंबरा पुसट होतो, पडण्याचं ते ठरलेलं कारण आहे. डावा डोळा जुन्या चष्म्याशिवाय अगदीच निकामी असेल, तर त्याच फ्रेममधली उजवी काच चष्मेवाल्याकडून काढून घ्या. पण दोन्ही डोळ्यांतला फरक साधारण तीन नंबरांच्या वर असेल तर हा तोडगा चालत नाही, डोकं दुखतं, दोन दोन दिसतं. अशा वेळी खरा उपाय डाव्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर करणं हाच.

म्हणजे कधी? उजवा डोळा शांत असेल, डोळ्याचं प्रेशर ठीक असेल, पडदा तपासून झाला असेल, तर तीन-चार आठवड्यांनी. फरक फार त्रास देत असेल तर डॉक्टर त्याहून आधीही घेतात. मधुमेहात दुसऱ्या डोळ्याआधी पडदा बाहुली मोठी करून पाहणं आवश्यकच. आणि "डावा पूर्ण पिकू दे" या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा. पिकण्याची वाट पाहण्याची गरज त्या काळात होती, जेव्हा आख्खं भिंग मोठ्या छेदातून काढत. या भागातल्या सत्तरीच्या पुढच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर अजून डॉ. एम. सी. मोदींची शिबिरं आहेत. एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया अशी त्यांच्या नावावर गिनीज बुकात नोंद आहे. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत. +१० चा जाडजूड चष्मा मिळे आणि त्यातून सगळं पाव पटीने मोठं दिसे. आज फेकोमध्ये (ध्वनिलहरींनी भिंग आतच फोडून ओढून घेण्याच्या पद्धतीत) छेद अडीच मिलिमीटरच्या आसपास असतो, हाताने करायच्या बिनटाक्याच्या पद्धतीत सहा-सात मिलिमीटर. मोतीबिंदू जितका कडक, तितकी फेकोची जास्त ताकद लागते, बुबुळ जास्त सुजतं आणि नजर उशिरा निवळते. फार पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्याचं प्रेशरही वाढवतो. पिकू देणं म्हणजे ऑपरेशन अवघड करून घेणं.

आता थेंबांकडे वळू, कारण आत्ता बाराव्या दिवशी आईच्या डोळ्याचं भलंबुरं त्यावरच आहे. साधारण पद्धत अशी: अँटिबायोटिकचे थेंब एक-दोन आठवडे आणि प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइडचे थेंब सहा आठवडे, पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी. तुमच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर कागद खरा. या सहा आठवड्यांची बेरीज १४७ थेंब होते. ५ मिलिलिटरच्या बाटलीत साधारण १०० थेंब असतात, त्यातले काही गालावर जातात. म्हणजे बाटली तिसऱ्या आठवड्यातच संपते. इथेच घोळ होतो. बाटली संपली म्हणजे औषध संपलं असं समजून घरचे थांबतात, आणि आठवडाभरात डोळा लाल होऊन दुखायला लागतो. दुसरी बाटली आधीच आणून ठेवा. उलट चूकही होते: छान वाटतंय म्हणून तेच थेंब मेडिकलमधून आणून महिनोन्महिने चालू ठेवतात. स्टेरॉइडने काही जणांच्या डोळ्याचं प्रेशर गुपचूप वाढतं, दुखत नाही, कळत नाही, आणि नस खराब होते.

घालायची पद्धत: आधी साबणाने हात धुवायचे. आई विडीला हात लावत असेल, तर नखांच्या कडेला तंबाखूची पूड बसलेली असते, ती साध्या पाण्याने जात नाही. नखं कापून ब्रशने घासा. शक्य असेल तर थेंब दुसऱ्या कुणीतरी घालावेत. पांढुरकं औषध असेल तर बाटली हलवून घ्या, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि वरचं पाणीच डोळ्यात जातं. उताणं झोपवून खालची पापणी बोटाने खाली ओढली की खिसा तयार होतो, त्यात एकच थेंब. दोन घातले तरी डोळ्यात मावत नाहीत. बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने हलका दाबून धरा, नाहीतर औषध घशात उतरतं आणि कडू लागतं. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर. फोडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यायची, निम्मी उरली असली तरी.

अंगावरून पाणी घेणं दुसऱ्या दिवसापासून चालतं. डोक्यावरून मात्र दोन आठवडे नाही. त्यानंतर मान मागे टाकून दुसऱ्याकडून केस धुवून घ्यावेत. डोळ्याची कड उकळून थंड केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने पुसायची, आतून बाहेर, एका बोळ्याने एकदाच. पदराने नाही. हा एक शब्द आईला दहादा सांगावा लागेल, कारण हात आपोआप पदराकडे जातो. रात्री पहिला आठवडाभर प्लास्टिकचं कवच, झोपेत डोळा चोळला जातो म्हणून. भरलेली घागर दहा-पंधरा किलोची होते. फेको झालं असेल तर दोन आठवडे आणि मोठ्या छेदाची पद्धत असेल तर महिना-दीड महिना ती उचलायची नाही. खोकला आणि बद्धकोष्ठ यांना औषध घ्या, कारण कुंथण्याने जोर येतो. जेवणाला काही पथ्य नाही. आंबट, वातड, वांगं यांनी डोळा बिघडत नाही. उलट पथ्याच्या नावाखाली मधुमेही माणूस अर्धपोटी राहिला आणि गोळी तेवढीच घेतली, तर साखर खाली जाते.

चुलीचा धूर, मिरची कांडप आणि तंबाखूची पूड ही या भागातली तीन खरी पथ्यं. विडीचं काम तीन-चार आठवड्यांनी, डॉक्टरांनी पाहिल्यावर सुरू करावं, बसायची जागा दाराजवळच्या उजेडात आणि पंख्याच्या झोताबाहेर. गुऱ्हाळावर चिपाडाचा भुसा उडतो, तिथेही महिनाभर नको. आणि भंडारा. आप्पाचीवाडीचा हालसिद्धनाथ असो की चिंचलीची मायाक्का, यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते आणि ती हळद डोळ्यात जातेच. दीड महिन्यात यात्रा येत असेल तर देवाला घरूनच हात जोडावेत. मोतीबिंदू थंडीतच काढावा हा समज मात्र सोडून द्या, उन्हाळ्यात जखम चिघळत नाही. थंडीत तर इथे उसाचा हंगाम आणि धूळ जास्त. खानापूर भागात पावसाळ्यातला प्रवास ही अडचण खरी आहे, पण ती रस्त्याची.

चष्म्याचा पक्का नंबर फेकोनंतर चार आणि मोठ्या छेदानंतर सहा आठवड्यांनी काढतात. छेद भरून येताना बुबुळाचा गोलवा बदलत असतो, त्यामुळे त्याआधी केलेला चष्मा वाया जातो. तोवर डॉक्टरांना विचारून रेडिमेड +२.५० किंवा +३ चा चष्मा बसल्या कामापुरता चालतो. तो लावून चालायचं मात्र नाही. पक्का चष्माही दोन भागांचा न करता कामाचा वेगळा केलेला बरा.

आणखी काही गोष्टी आईला दिसतील ज्या घाबरण्यासारख्या नाहीत. कानाकडच्या बाजूला काळी कमान किंवा दिव्याची चकाकती रेघ, ती भिंगाच्या कडेमुळे दिसते, बहुतेकांची काही आठवड्यांत विरते. डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचणं, ते कोरडेपणाचं, त्याला कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. पूर्वीपासून असलेले एक-दोन तरंगते ठिपके आता स्पष्ट दिसतात, कारण समोरचं धुकं गेलंय. आणि घरातली जळमटं, भांड्यांवरचे डाग, फरशीच्या कोपऱ्यातली धूळ, हे सगळं दिसायला लागल्यावर सुनांना ऐकून घ्यावं लागतं, त्याला औषध नाही.

पण पुढच्या चार गोष्टींपैकी एक जरी झाली तर त्याच दिवशी, रविवार असो की सण, ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात जायचं: डोळा जास्त लाल होणं, दुखणं वाढणं, उजेड अजिबात सहन न होणं, आलेली नजर कमी होणं. आतला जंतुसंसर्ग बहुतेक वेळा पहिल्या आठवडाभरात दिसतो, पण नंतरही होऊ शकतो, आणि त्यात तासांचा हिशेब असतो. सकाळी गेलेला डोळा वाचतो, "उद्या बघू" म्हटलेला जातो. दुसरी तातडी म्हणजे विजेसारखे लखलखाट, ठिपक्यांचा एकदम पाऊस आणि एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं, यात दृष्टिपटल सुटत असतं. तिसरी गोष्ट तातडीची नाही पण मधुमेह असताना लक्षात ठेवायची: चार ते सहा आठवड्यांनी, सगळं छान चाललेलं असताना, अक्षरं मध्येच पुसट किंवा वाकडी दिसू लागणं. पडद्याच्या मध्यभागी पाणी साचून सूज येते, थेंबांनी बहुधा उतरते, पण दाखवावं लागतं. काही महिने किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झालं, तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. भिंग ज्या पातळ पिशवीत ठेवलंय तिची मागची बाजू गढूळ होते, ती लेझरने पाच मिनिटांत उघडतात, भूल नाही, छेद नाही.

म्हणूनच दवाखाना निवडताना परतून जाता येईल असा निवडावा. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने दाखवायचं असतं. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, पण कर्नाटकच्या शक्ती योजनेत (राज्यात बायकांना सरकारी बस मोफत) आईला बेळगावपर्यंत बसचं तिकीट लागत नाही, कोल्हापूरला लागतं. ज्याला त्याला आपलं गणित. शिबिरात करायला हरकत नाही, फक्त त्रास झाल्यास रात्री कुठे जायचं, कोणता फोन लावायचा, हे कागदावर लिहून घ्या.

आता वडील. त्यांची लघवीची गोळी पहिली पाहा. पाकिटावर टॅमसुलोसिन लिहिलं असेल, एकटं किंवा ड्युटास्टेराइडसोबत, तर ते पाकीटच डॉक्टरांपुढे ठेवा. या औषधाने बाहुलीभोवतीचा पडदा लुळा पडतो, ऑपरेशनमध्ये फडफडतो, छेदातून बाहेर येऊ पाहतो आणि बाहुली मधेच लहान होते. सर्जनला आधी माहीत असेल तर तो हुक, रिंग, औषध तयार ठेवतो आणि ऑपरेशन नीट पार पडतं. माहीत नसेल तर टेबलावर धावपळ होते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तिचा परिणाम महिनोन्महिने राहतो, त्यामुळे बंद करून फायदा नाही, उलट लघवी अडकली तर वेगळंच संकट. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही सांगा. अॅस्पिरिन सहसा थांबवावी लागत नाही, वॉरफॅरिन असेल तर रक्ताची तपासणी करून ठरवतात.

चष्मा काढून पेपर वाचतात, म्हणजे त्यांना बहुधा तरुणपणापासूनच उणे अडीच-तीनचा नंबर आहे. त्यांचं भिंग लांबच्यासाठी बसवलं तर आयुष्यभर चष्म्याविना वाचलेला 'तरुण भारत' त्यांना चष्म्याविना दिसणार नाही, आणि आईसारखीच तक्रार दुसऱ्यांदा घरात येईल. त्यांना आधी विचारा: जवळचं बिनचष्म्याचं हवं की लांबचं? जवळचं हवं असेल तर −२.५० ठेवायला सांगता येतं. लांबचा चष्मा त्यांना तसाही सवयीचा आहे. ज्यांचा दिवस शेतात आणि रस्त्यावर जातो त्यांनी लांबचं घ्यावं, ज्यांचा दिवस कट्ट्यावर वाचण्यात जातो त्यांनी जवळचं. हे डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, गर्दी असते. केसपेपरवर लिहून घ्या.

ऑपरेशनआधी साखर, रक्तदाब, डोळ्याचं प्रेशर, पडदा आणि नाकाकडच्या अश्रुनळीची तपासणी होते. नळीत पू असेल तर आधी तिचा इलाज, मग मोतीबिंदू, यात तडजोड नको. अंगावर गळू, किडलेल्या दाताची सूज, कफाचा खोकला असेल तर तारीख पुढे ढकला. खर्चासाठी बीपीएल रेशनकार्डवर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. खासगी दवाखान्यात जाण्याआधी सरकारी रुग्णालयात दाखवून रेफरलचं विचारा, ते नसेल तर काउंटरवर अडतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला, पण मोतीबिंदू त्यात धरून चालू नका, निघण्याआधी जिथे जायचं त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) फोन करा.

टेबलावर जायच्या अगदी आधी वडिलांना लघवी करून यायला सांगा. बाहुली मोठी करणारे थेंब तास-दीड तास घालत राहतात, तोवर पुन्हा जावंसं वाटतंच. ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं, तोंडावर कापड असतं, श्वासाला नळी देतात. खोकला आला तर आधी तोंडाने सांगायचं, मग खोकायचं, डोकं उचलायचं नाही. बेळगावकडे करणार असाल आणि त्यांना कन्नड येत नसेल, तर चार शब्द घरीच पाठ करून घ्या: 'मेले नोडि' म्हणजे वर बघा, 'केळगे नोडि' खाली बघा, 'नेर नोडि' सरळ बघा, 'अलुगाडबेडि' हलू नका. मराठी बोलणारे बरेच असतात, पण त्या क्षणी कोण उभं असेल ते आपल्या हातात नसतं. त्यांना ऐकू कमी येत असेल तर हेही आधी सांगा, आणि कानाचं यंत्र काढून ठेवणार असतील तर खुणेने हात दाबून सांगायचं ठरवून घ्या.